गाणे एक, हक्कदार अनेक : डिजिटल युगातील संगीत आणि स्वामित्वहक्काचा कायदा

लग्नात वाजणाऱ्या गाण्यांसाठी परवाना घ्यावा लागतो काय, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न गोव्यातून थेट उच्च न्यायालयात गेला. ३० जानेवारी २०२४ रोजी राज्य सरकारने एक परिपत्रक काढले. लग्न व लग्नाशी निगडित समारंभांत ध्वनिमुद्रित संगीत वाजविल्यास स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, त्यामुळे अशा समारंभांसाठी हॉटेलांनी किंवा संगीत कंपन्यांनी यजमानांकडे परवान्याचा अथवा रॉयल्टीचा आग्रह धरू नये, असा त्याचा आशय होता. ध्वनिमुद्रणांचे परवाने देणारी 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड' आणि 'सोनोटेक कॅसेट्स' यांनी त्यास आव्हान दिले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्दबातल ठरविले.

वादाचे मूळ स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे. हक्कधारकाच्या परवानगीवाचून कोणत्या गोष्टी करता येतात, याची लांबलचक यादी या कलमात दिलेली आहे. तिच्यातील 'झेडए' या खंडानुसार प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात, तसेच केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकृत समारंभात संगीत सादर करणे अथवा ध्वनिमुद्रण वाजविणे हा हक्कभंग ठरत नाही. पुढे स्पष्टीकरणात धार्मिक विधीच्या व्याख्येत लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक सोहळे यांचाही समावेश केला आहे. 'इतर सामाजिक सोहळे' या शब्दांनीच सारा घोळ केला आहे. मंगलाष्टकांनंतर वाजणारी सनई या अपवादात बसते, याविषयी कोणी वाद घालणार नाही. समुद्रकिनाऱ्यावरील तारांकित हॉटेलात तीन दिवस चालणारे लग्न, त्यातील संगीत रजनी, कॉकटेल पार्टी आणि पहाटेपर्यंतचा डीजे हेही 'सोहळे' म्हणायचे काय, हा खरा प्रश्न आहे. देशभरातील श्रीमंत कुटुंबे लग्नासाठी गोव्यात येतात, तेव्हा तो केवळ शब्दच्छल राहत नाही. त्यात मोठी आर्थिक उलाढाल गुंतलेली असते.

न्यायालयाचा मुख्य आक्षेप असा, की कायद्यातील शब्दांचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम आहे. कार्यकारी यंत्रणेला परिपत्रक काढून कायद्याची व्याप्ती वाढविता येत नाही, आणि हक्कधारकाला कायद्याने दिलेले उपाय त्याच्या हातून काढूनही घेता येत नाहीत. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने २४ जुलै २०२३ रोजी अशाच आशयाची जाहीर सूचना काढली होती आणि गोव्याच्या परिपत्रकाला तिचाच आधार होता. त्याहीपूर्वी, २०१९ मध्ये निघालेली तशीच एक सूचना पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द केली होती. एकदा फेटाळले गेलेले तेच औषध पुन्हा पुन्हा देण्याचा हा प्रकार काहीसा आश्चर्यकारकच म्हणावा लागेल. मात्र निकालाचा विपरीत अर्थही काढला जाऊ नये. लग्नातील प्रत्येक गाण्यासाठी पैसे मोजावेच लागतील, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. कलम ५२ मधील अपवाद जसाच्या तसा कायम आहे. एखादा विशिष्ट कार्यक्रम त्यात बसतो की नाही, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरेल, आणि ते ठरविण्याचा अधिकार पोलीस ठाण्याला किंवा मंत्रालयाला नाही.

या वादाकडे केवळ हॉटेलमालक आणि संगीत कंपन्यांमधील भांडण म्हणून पाहिले, तर त्यामागची मोठी गोष्ट नजरेआड होते. गाणे तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि तिथून मोबाइलच्या पडद्यावर आले. या प्रवासात ते ऐकण्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली आणि ते वाजविण्याचे, चढविण्याचे, वाटण्याचे कायदेशीर पैलू मात्र कितीतरी पटींनी वाढले. दशावतारी मंडळाचा हार्मोनियमवादक, भजनी पथकाचा मुख्य गायक, वाढदिवसाची ध्वनिचित्रफीत समाजमाध्यमावर टाकणारा गृहस्थ असे सारेच आता या कायद्याच्या कक्षेत आले आहेत.

एका गाण्यात किती हक्क?

सामान्य माणसाच्या दृष्टीने गाणे ही एक वस्तू आहे. कायद्याच्या दृष्टीने ती किमान चार निरनिराळ्या हक्कांची मोळी आहे. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा आणि गायनाचा गायकाचा. चित्रपटातील गाणे असेल तर चित्रपटाचा म्हणून आणखी एक हक्क त्यात येतो. प्रत्येकाची मुदतही वेगळी असते. साहित्य व संगीत यांवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, तर कलाकाराचा हक्क सादरीकरणानंतरच्या वर्षारंभापासून ५० वर्षे असतो. (साठ वर्षांचा हा आकडा पूर्वी पन्नास होता. १९४१ मध्ये निवर्तलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली.)

गोमंतकीय वाचकाला जवळचे उदाहरण घेऊ. बा. भ. बोरकर १९८४ मध्ये निवर्तले. त्यांच्या कवितेवरील हक्क २०४४ अखेरपर्यंत टिकेल. पंडित जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले. त्यांनी बांधलेल्या चालीवरील हक्क २०५८ अखेरपर्यंत चालेल. बोरकरांच्या एखाद्या कवितेला अभिषेकीबुवांनी चाल लावली असेल, तर शब्द मोकळे झाल्यानंतरही चौदा वर्षे चाल मोकळी होणार नाही. याउलट, १९६५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्काची मुदत २०२५ अखेर संपलेली आहे. म्हणून ती जुनी तबकडी कोणीही कुठेही वाजवावी, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी तिच्यातील शब्द व चाल अजून कोणाच्या तरी मालकीची असू शकते. आंतरजालावर 'पन्नास वर्षे झाली, म्हणजे सारे मोफत' असा जो समज पसरलेला दिसतो, त्याला कायद्यात आधार नाही.

अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये आणि गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले. 'सौभद्र' आणि 'शारदा' यांची मूळ संहिता व पदे आज समाजाच्या मालकीची आहेत. गावोगावच्या जत्रांत ती नाटके करणाऱ्या हौशी मंडळांना मूळ लेखकाच्या वारसांकडे परवानगी मागावी लागत नाही. मात्र एखाद्या आधुनिक संपादकाने केलेली रंगावृत्ती किंवा नव्याने बांधलेली चाल वापरली, तर त्या नव्या भागापुरता हक्क त्या व्यक्तीकडे असतो. तुकोबांच्या अभंगांचेही तसेच. अभंग सर्वांचे, त्यांना विसाव्या शतकात लावलेली विशिष्ट चाल मात्र त्या संगीतकाराची.

परवाना द्यायचा कोणी?

हक्क अनेकांचे असल्यामुळे मागणारे हातही अनेक. शब्द आणि चालींसाठी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही नोंदणीकृत संस्था परवाने देते. ध्वनिमुद्रणांसाठी 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड', 'नोव्हेक्स कम्युनिकेशन्स' आणि 'रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड' अशा निरनिराळ्या संस्था पुढे येतात आणि त्यांच्याकडील गाण्यांच्या याद्याही वेगवेगळ्या असतात. एका संस्थेचा परवाना घेतलेल्या उपाहारगृहाला दुसरीची नोटीस येते, ती यामुळे. यांपैकी नोंदणीकृत 'स्वामित्वहक्क संस्था' नसलेल्यांना असे परवाने देण्याचा अधिकार आहे काय, यावर न्यायालयांतच एकवाक्यता नाही. हक्कधारक किंवा त्याचा प्रतिनिधी म्हणून कलम ३० खाली असा परवाना देता येतो, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत असल्याने येथील व्यावसायिकांना पहिले मत दृष्टिआड करता येत नाही.

या गोंधळात एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. म्हणजे वॉरंटाविना अटक होऊ शकते. नोटीस केराच्या टोपलीत टाकण्यापूर्वी यजमानाने वा हॉटेलचालकाने हे लक्षात ठेवलेले बरे. तसेच, नोटीस देणाऱ्या संस्थेकडे नेमक्या कोणत्या गाण्यांचे हक्क आहेत आणि ते कोणत्या दस्तऐवजाने आले, हे विचारण्याचा अधिकार नोटीस मिळालेल्यालाही आहे.

करारातील एक ओळ

कलावंतांच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत मोलाचा बदल २०१२ मध्ये झाला. पण त्याची माहिती फार थोड्यांना आहे. त्याची पार्श्वभूमी १९७७ ची. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत व संगीत करवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच ठरतो. पुढची पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकार एकरकमी मानधन घेऊन बाजूला होत राहिले आणि त्यांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या कमाई करीत राहिली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात, कायद्यात गायकाला स्थानच नाही, याकडे लक्ष वेधले होते. कलाकाराचा हक्क त्यानंतर १९९४ च्या दुरुस्तीने आला.

२१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने चित्र पालटले. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होईल, त्यातील रॉयल्टीचा समान वाटा मागण्याचा गीतकार-संगीतकाराचा हक्क आता करार करूनही सोडता येत नाही. तसे कलम करारात असले तरी ते निरर्थक ठरते. केवळ वारसाला किंवा स्वामित्वहक्क संस्थेला तो देता येतो. या दुरुस्तीच्या आधारे एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खासगी रेडिओ वाहिन्यांनाही शब्द व चालींची वेगळी रॉयल्टी देणे भाग असल्याचे ठरविले. त्याआधी ध्वनिमुद्रणाचे पैसे दिले की जबाबदारी संपली, असा वाहिन्यांचा पवित्रा होता.

याच दुरुस्तीने कलम १८ मध्ये घातलेले एक परंतुक डिजिटल काळात विशेष मोलाचे ठरते. करार होताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्याचे हक्क हस्तांतरित होत नाहीत. कॅसेटच्या काळात केलेला करार आपोआप स्ट्रीमिंगला लागू होतो काय, असा प्रश्न म्हणूनच विचारता येतो. २०१२ पूर्वीच्या करारांना हे परंतुक कितपत लावता येईल, यावर वकिलांना भांडायला भरपूर जागा आहे. पण त्यानंतरच्या करारांबाबत मजकूर स्पष्ट आहे. शिवाय कलम १९ चे काही नियम साध्या कागदावर लिहून ठेवण्याजोगे आहेत. हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीचे हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात अन्यथा म्हटलेले नसल्यास हस्तांतरण संपुष्टात येते.

कोकणी-मराठी अल्बम काढणाऱ्या लहान निर्मात्यांकडून स्थानिक गायकाला जे एकपानी करार मिळतात, त्यांत 'सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी, जगभर' अशी एक ओळ हमखास असते. स्टुडिओत ध्वनिमुद्रण आटोपले, पाकीट हातात पडले, की त्या ओळीखाली सही होते. गाणे पुढे लाखोंनी ऐकले गेले तरी गायकाला त्याचा हिशेब मागता येत नाही, कारण काय विकले हेच त्याला ठाऊक नसते. कलम ३८ व त्याच्या उपकलमांनी गायकाला व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला आहे, तसेच आपले नाव जोडले जावे आणि गायनाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड होऊ नये, हा नैतिक हक्कही दिला आहे. करार छापील असला तरी ती ओळ खोडता येते.

स्ट्रीमिंगच्या संदर्भातील एक निकाल येथे नोंदवायला हवा. रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी कायद्यात 'वैधानिक परवान्या'ची सोय आहे. ठरावीक दराने पैसे भरले की हक्कधारकाची संमती लागत नाही. मोबाइल अॅपवरून गाणी ऐकविणाऱ्या 'विंक' या सेवेने हीच सवलत आपल्यालाही मिळावी, असा दावा केला होता. 'टिप्स' कंपनीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो नाकारला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केले. आंतरजालावरील सेवेला त्यामुळे हक्कधारकाशी बोलणी करूनच गाणी घ्यावी लागतात.

आरतीवर आलेला दावा

चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातील घराघरांतून घुमट आरत्या होतात. ती ध्वनिचित्रफीत हौसेने यूट्यूबवर चढविली जाते आणि काही तासांत संदेश येतो, की या चित्रफितीत अमुक कंपनीच्या मालकीचे संगीत आहे. परंपरेने चालत आलेली आरती एखाद्या कंपनीची कशी झाली?

याचे उत्तर कायद्यापेक्षा यंत्रात अधिक आहे. २००७ पासून यूट्यूब 'कंटेंट आयडी' नावाची व्यवस्था चालविते. हक्कधारक कंपन्या आपल्या ध्वनिमुद्रणांचे जणू बोटांचे ठसे तिच्यात जमा करतात आणि नव्याने चढणारी प्रत्येक चित्रफीत त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. पारंपरिक आरतीचे शब्द व चाल कोणाची नसली, तरी एखाद्या कंपनीने प्रसिद्ध केलेले तिचे विशिष्ट ध्वनिमुद्रण त्या कंपनीचे असते. मागे ती ध्वनिफीत लावलेली असेल तर दावा योग्य ठरतो. घरच्या मंडळींनी स्वतः म्हटलेली आरती यंत्राला तिच्यासारखी वाटली असेल, तर तो चुकीचा ठरतो, आणि असे होत असते.

येथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. कंटेंट आयडीचा दावा आला तर चित्रफीत बहुधा राहते. तिच्यावरील जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात किंवा क्वचित ती काही ठिकाणी दिसेनाशी होते. हक्कधारकाने रीतसर तक्रार करून चित्रफीत काढायला लावली, तर वाहिनीवर 'स्ट्राइक' येतो. नव्वद दिवसांत असे तीन झाले की वाहिनीच बंद होऊ शकते. पहिल्या प्रकारात आक्षेप नोंदविता येतो, दुसऱ्यात प्रतिसूचना देता येते. प्रतिसूचनेनंतर तक्रारदाराने दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही, तर चित्रफीत परत येते. ही मुदत अमेरिकी कायद्यातून आलेली आहे. भारतीय कायद्यात वेगळी रीत आहे. लेखी तक्रारीनंतर मध्यस्थ संस्थेने ३६ तासांत मजकूर रोखायचा आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. डिचोलीच्या किंवा फोंड्याच्या भजनी मंडळाला प्रत्यक्षात भिडतात ते मात्र परदेशी कंपनीचेच नियम, आणि तेही इंग्रजी अर्जातून.

उसना आवाज

आतापर्यंतचे सारे प्रश्न कोणाच्या तरी गाण्याच्या नकलेचे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यापलीकडचा प्रश्न उभा केला आहे. गाणे नवे, शब्द नवे, चाल नवी. आवाज मात्र ओळखीचा. गायकाने ते कधी गायलेलेच नसते. ध्वनिमुद्रणाची नक्कल नाही, म्हणून निर्मात्याच्या हक्काचा भंग नाही. गायनच झालेले नाही, म्हणून कलाकाराच्या हक्काचाही भंग सहजी दाखविता येत नाही. आवाज ही वस्तू म्हणून स्वामित्वहक्क कायद्यात कुठेही नोंदलेली नाही.

न्यायालयांनी ही पोकळी 'व्यक्तिमत्त्वाच्या हक्का'ने भरून काढली आहे. त्याविषयी स्वतंत्र कायदा नाही. प्रतिष्ठेने जगण्याचा घटनादत्त हक्क, खासगीपणाचा हक्क आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर व्यापार करण्यास मनाई करणारे जुने तत्त्व यांतून तो घडविला गेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, चेहरा, आवाज आणि त्यांच्या विशिष्ट ढंगातील 'झकास' या उच्चाराच्या अनधिकृत व्यापारी वापराला अंतरिम मनाई केली. (शब्द अर्थातच मराठी माणसाच्या तोंडचा आहे आणि तो वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, मनाई आहे ती त्यांच्या छबीशी जोडून केलेल्या व्यापाराला.) जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्या साधनांविरुद्ध आदेश दिला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच न्यायालयाने आशा भोसले यांनाही संरक्षण दिले. कलाकाराच्या संमतीविना त्याचा आवाज दुसऱ्या कोणाच्याही तोंडी बसविणारे साधन उपलब्ध करून देणे, हा त्याच्या व्यक्तिमत्त्वहक्काचा भंग ठरतो, अशी न्यायालयाची भूमिका आहे. मंगेशीच्या दीनानाथांच्या घराण्यातील आवाजाला यंत्रापासून संरक्षण मागण्याची वेळ यावी, हे मास्टर दीनानाथांच्या काळात कोणाच्या कल्पनेतही आले नसते.

हे आदेश महत्त्वाचे असले तरी त्यांची मर्यादाही ओळखायला हवी. ते प्रामुख्याने अंतरिम आहेत आणि ज्यांनी ते मिळविले ती सारी देशभर ओळखली जाणारी नावे आहेत. 'लौकिक' हा या हक्काचा पाया मानला, तर जत्रेतल्या नाटकात वीस वर्षे पदे गाणाऱ्या आणि चार तालुक्यांतच ओळखल्या जाणाऱ्या गायकाचे काय? त्याच्या आवाजाचा नमुना यंत्राला तितकाच सहज मिळतो. मुंबईत वकील देऊन दावा लावणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. शैलीचे अनुकरण आणि आवाजाची चोरी यांतील सीमारेषाही अजून आखली गेलेली नाही. अभिषेकीबुवांच्या गायकीचे संस्कार घेऊन गाणारा शिष्य हा कधीच चोर नव्हता, आणि कायद्याने त्याला तसे ठरवूही नये.

यंत्राची शिकवणी

शेवटचा आणि सर्वांत अनिर्णित प्रश्न यंत्राला शिकविण्याचा. गाणी रचणारी, लेख लिहिणारी यंत्रप्रणाली आधी अस्तित्वात असलेल्या अगणित गाण्यांवर आणि लेखांवर घडविली जाते. त्या वापरासाठी मूळ हक्कधारकाची परवानगी लागते काय? 'एएनआय' या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ओपनएआय'विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला दावा हा या विषयावरील भारतातील पहिला मोठा खटला. संगीत कंपन्यांनीही त्यात आपले म्हणणे मांडू देण्याची मागणी केली. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की आमच्या गाण्यांवर घडलेले यंत्र आमच्याशीच स्पर्धा करते. दुसरी बाजू म्हणते, की यंत्र गाणे साठवीत नाही. त्यातून केवळ शिकते. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'गेमा' या संगीतकार संस्थेच्या दाव्यात हा दुसरा युक्तिवाद मान्य केला नाही. नऊ गाण्यांचे शब्द यंत्राकडून जवळपास जसेच्या तसे बाहेर पडले होते, त्यामुळे ते यंत्राने पाठ केले आहेत आणि ती नक्कलच होय, असे त्या न्यायालयाने म्हटले.

यंत्राने रचलेल्या गाण्याचा मालक कोण, याचे उत्तर भारतीय कायद्यात अर्धवट सापडते. संगणकाने निर्मिलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे 'ती निर्माण करविणारी व्यक्ती', अशी तरतूद १९९४ पासून आहे. त्या काळी संगणक हे टंकलेखन यंत्राचे थोरले भावंड होते. यंत्राला दोन ओळींची आज्ञा देणारा माणूस 'निर्माण करविणारा' ठरतो काय, की ते यंत्र बनविणारी कंपनी, हे त्या शब्दांवरून कळत नाही.

केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने एप्रिल २०२५ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये तिच्या कार्यपत्रिकेचा पहिला भाग चर्चेसाठी खुला केला. त्यातील प्रस्ताव असा, की कायदेशीर मार्गाने मिळालेल्या साहित्यावर यंत्र शिकविण्याचा सक्तीचा परवाना कंपन्यांना असावा, हक्कधारकाला नकार देता येऊ नये; त्याबदल्यात यंत्राच्या कमाईतून रॉयल्टी घ्यावी आणि ती एका केंद्रीय संस्थेमार्फत वाटावी. परवानगीऐवजी मोबदला, असा हा सौदा आहे. मोठ्या संगीत कंपन्यांकडे गाण्यांच्या नोंदी, वकील आणि हिशेबनीस असल्यामुळे त्यांना आपला वाटा मागणे जड जाणार नाही. प्रादेशिक भाषांतील गीतकार-संगीतकारांची अडचण वेगळी आहे. त्यांच्यापैकी अनेकांची नावे कोणत्याही संस्थेच्या दप्तरी नाहीत. त्यांची गाणी भलत्याच नावाने आंतरजालावर चढलेली आहेत. काहींचे ध्वनिमुद्रण जत्रेत कोणी तरी मोबाइलवर केलेले आहे. स्वामित्वहक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, गाणे रचताक्षणी तो लाभतो, हे खरे. रॉयल्टीच्या वाटपासाठी मात्र गाणे कोणाचे हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व वैयक्तिक गीतकार-संगीतकारांनाही घेता येते आणि त्यांच्या वारसांनाही.